यामाझाकी, योइची आणि सातपूर

जपानी व्हिस्की सर्वांत आधी चाखली ती जपानी माणसांनीच, आणि त्यांना ती आवडली नाही. 1929 साली कोतोबुकिया या ओसाकाच्या कंपनीने 'शिरोफुदा' नावाची बाटली बाजारात आणली. जपानच्या मातीवर रीतसर बनलेली ती पहिली व्हिस्की. कंपनीचे मालक शिंजिरो तोरी यांनी तिच्यावर कित्येक वर्षांची कमाई लावली होती. पण तांदळाच्या साकेवर वाढलेल्या जिभांना तिचा धुरकट वास सोसला नाही आणि माल दुकानांत पडून राहिला.

त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षांनी जपानी व्हिस्कीची बाटली नाशिकमधल्या सातपूरच्या एका गच्चीवर आली, तेव्हा तक्रार नेमकी उलटी होती. "काय भो, यात दमच नाही," असे आमचा एक मित्र पहिल्या घोटाला म्हणाला. दुसऱ्याने बाटली दिव्यासमोर धरून पाहिली. एवढ्या पैशांत इकडचे दोन खंबे आले असते, हा हिशोब तिसऱ्याने तोंडावर मांडला. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. जपान्यांना जी फार उग्र वाटली ती आपल्याला फार सौम्य वाटते, हे असे का, याचे उत्तर शोधत गेले की या पेयाचे बरेचसे मर्म हाती येते.

शिरोफुदा ज्याने बनवली तो मासाताका ताकेत्सुरू 1894 मध्ये हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावी, साके बनवणाऱ्या घराण्यात जन्मला. 1918 साली त्याच्या मालकांनी, सेत्सु शुझो या कंपनीने, त्याला स्कॉटलंडला धाडले. ग्लासगो विद्यापीठात त्याने रसायनशास्त्र ऐकले, पण खरे शिक्षण झाले ते कारखान्यांत. लाँगमॉर्नमध्ये काही दिवस आणि कॅम्पबेलटाऊनच्या हेझलबर्नमध्ये काही महिने तो राबला. पात्राचा आकार, आचेची पातळी, कामगारांच्या पाळ्या, पिंपे रचण्याची पद्धत हे सगळे त्याने वह्यांत आकृत्यांसह उतरवून घेतले. या वह्या आजही जपल्या आहेत. त्याच काळात ग्लासगोजवळच्या किर्किंटिलॉकच्या रीटा कोवनशी त्याची ओळख झाली. दोन्ही घरांचा विरोध असताना 1920 च्या जानेवारीत त्यांनी लग्न केले आणि त्याच वर्षी ती दोघे जपानला परतली.

परतल्यावर कळले की पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत मालकांकडे व्हिस्कीसाठी पैसाच उरलेला नाही. वह्या भरलेल्या आणि काम नाही, अशा अवस्थेत ताकेत्सुरूने काही काळ काढला. मग तोरींनी त्याला बोलावले. 1923 मध्ये क्योतो आणि ओसाका यांच्या मधोमध यामाझाकी येथे कारखाना उभा राहू लागला, आणि पुढच्या वर्षी ऊर्ध्वपातन सुरू झाले. जागेची निवड तोरींची. कात्सुरा, उजी आणि किझू या तीन नद्या तिथे एकत्र येतात, हवेत दमटपणा असतो, धुके उतरते. चहाचा थोर आचार्य सेन नो रिक्यू याच्याशी जोडलेले ताइआन हे सोळाव्या शतकातले चहाघर याच परिसरात आहे. पाण्यासाठी यामाझाकीचे नाव व्हिस्कीच्या कितीतरी आधी झालेले होते.

शिरोफुदा पडली आणि दोघांचे रस्ते वेगळे होऊ लागले. तोरींचे म्हणणे असे की चव जपानी माणसाच्या जेवणाशी जुळली पाहिजे. ताकेत्सुरूला स्कॉटलंडमध्ये शिकलेल्या चवीत काही कमी करायचे नव्हते. 1934 मध्ये तो बाहेर पडला आणि थेट उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या योइची या समुद्रकाठच्या थंड गावात गेला, कारण ती जागा त्याला स्कॉटलंडसारखी वाटली. व्हिस्की पिंपात मुरेपर्यंत पगार कुठून द्यायचे? योइचीत सफरचंदे पिकत. त्याने सफरचंदाचा रस विकायला काढला आणि कंपनीचे नावही 'महाजपान फळरस कंपनी' अशा अर्थाचे ठेवले. त्या नावातली अक्षरे उचलून पुढे 'निक्का' झाले. तिकडे तोरींनी 1937 मध्ये कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेल्या चौकोनी बाटलीत सौम्य व्हिस्की आणली. तीच काकुबिन. ती चालली, आणि आजही जपानभर विकली जाते. कोतोबुकियाचे नाव 1963 मध्ये सनटोरी झाले.

आपल्या गच्चीवर दम नसल्याची जी तक्रार झाली, तिच्यामागे तोरींचा हा निर्णय आहे. सनटोरीच्या बहुतेक व्हिस्क्या जेवणाच्या पानाशेजारी, भरपूर पाणी किंवा सोडा आणि बर्फ घालून पिण्यासाठी घडवलेल्या आहेत. योइचीची व्हिस्की मात्र आजही धुरकट आणि भारदस्त असते. तिथे तांब्याच्या पात्राखाली अजून दगडी कोळशाची आच देतात. फावड्याने कोळसा टाकणारा माणूस आच कमीजास्त करतो. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांच्या काळात ही पद्धत जगात फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. माझे मत विचाराल तर ताकेत्सुरूच्या हट्टाला मी तोरींच्या व्यवहाराइतकाच मान देतो. दोघांपैकी एकजण जरी नसता तरी जपानी व्हिस्की एकसुरी झाली असती.

आता सातपूर. नाशिककर सोडून इतर वाचकांसाठी सांगतो, हे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव, आता शहरातच मिसळलेले. इथली संध्याकाळ पाळीच्या वेळेवर ठरते. जपान इथे अगदीच परका नाही. औद्योगिक वसाहतीतली कपॅसिटर बनवणारी एपकॉस ही कंपनी जपानच्या टीडीके समूहात गेली. कायझेन, फाइव्ह-एस हे जपानी कारखानदारीतले शब्द इथल्या टर्नरला आणि फिटरलाही तोंडपाठ असतात. दुसरी गोष्ट द्राक्षांची. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, त्याच्या आगेमागे गंगापूर आणि दिंडोरीच्या बाजूला वायनरी उभ्या राहिल्या. राजीव सामंत यांच्या सुला वायनरीने चाखण्याची खोली लोकांना उघडी केली. पेला तिरका धरायचा, रंग पाहायचा, गोल फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट, ही रीत वीस वर्षांत नाशिकच्या पुष्कळ मध्यमवर्गीय घरांनी शिकून घेतली. पण व्हिस्कीच्या वेळी तेच लोक जुन्या सवयीला जातात. पेग, वर सोडा, पुढ्यात चखणा, आणि "बसायचं का?" या प्रश्नाला ठरलेले उत्तर.

या सवयीला कारण आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. भारतात व्हिस्की म्हणून जे सर्वाधिक खपते, त्याचा मोठा भाग उसाच्या मळीपासून गाळलेल्या मद्यार्काचा असतो. त्यात थोडे माल्ट किंवा स्कॉच मिसळलेले असते. युरोपात असल्या पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथल्या नियमाने व्हिस्की धान्याचीच हवी. मळीच्या मद्यार्कात सुगंध थोडा आणि जाळ जास्त. म्हणून सोडा, म्हणून तिखट चखणा. त्या पेयाशी तसे वागणे योग्यच आहे. जपाननेही हाच काळ पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे व्हिस्कीच्या कराच्या प्रती होत्या, आणि सर्वांत खालच्या प्रतीत खऱ्या व्हिस्कीचा अंश 5 टक्क्यांहूनही कमी असला तरी चालत असे. ती प्रतवारी 1989 मध्ये बंद झाली.

माल्ट व्हिस्कीची घडण थोडक्यात अशी. जव भिजवून मोड आणतात, म्हणजे दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारी विकरे जागी होतात. मग ते वाळवतात. वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजून दाबली गेलेली वनस्पती, जाळली तर धूर दाण्यात उतरतो. पुढे भरडणे, गरम पाण्यात साखर काढून घेणे, यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबवणे. बिअरच्या जवळ जाणारा जो द्रव मिळतो तो तांब्याच्या पात्रांतून दोनदा गाळतात. तांबे नुसते भांडे नसते, गंधकाची उग्र संयुगे ते धरून ठेवते. गाळताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला घेतात. तो पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग आणि निम्म्याहून अधिक सुगंध नंतर ओकच्या पिंपातून येतो.

इथे जपानची एक अडचण त्यांच्या कामाला आली. स्कॉटलंडमध्ये कंपन्या एकमेकींना पिंपे विकतात किंवा बदलून देतात, त्यामुळे मिश्रण करणाऱ्याला शंभर चवी सहज मिळतात. जपानात सनटोरी निक्काला पिंप देत नाही आणि निक्का सनटोरीला देत नाही. मग एकाच आवारात वेगवेगळ्या आकारांची पात्रे, वेगवेगळी यीस्ट, वेगवेगळी पिंपे ठेवून त्यांनी चवींची विविधता स्वतःच निर्माण केली. सनटोरीने 1973 मध्ये यामानाशीच्या जंगलात, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर हाकुशू हा कारखाना काढला. निक्काने 1969 मध्ये मियागिक्यो. युद्धकाळात परदेशी पिंपे येईनाशी झाली तेव्हा देशी मिझुनारा ओक वापरून पाहिले. हे लाकूड सच्छिद्र, त्यामुळे पिंप गळते, आणि पिंपाजोगे झाड व्हायला दोनशेच्या आसपास वर्षे लागतात. सुरुवातीला ते कोणाला आवडलेही नाही. पण त्यात वर्षानुवर्षे मुरलेली व्हिस्की चंदन आणि धुपाचा वास धरते, हे उशिरा लक्षात आले. आज त्याच पिंपांचे मोल सर्वांत जास्त आहे.

चंदनापाशी थोडे थांबू. इंग्रजी पुस्तकांत व्हिस्कीच्या चवीला हेदरची फुले, मार्मलेड, टॉफी असली नावे दिलेली असतात. ती नावे पाठ करून चाखायला बसलेला माणूस आपल्या नाकावरचा विश्वास गमावतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच ओळखते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो वास असतो, आणि गिळल्यावर तो घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. वासाची ओळख आठवणीतून होते. ज्याने मिझुनाराचे पिंप पाहिलेले नाही पण रोज देवघरात चंदन उगाळले जाताना पाहिले आहे, त्याच्याकडे त्या वासाचे शब्द टोकियोच्या माणसाइतकेच पक्के आहेत. शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीला द्राक्षपट्ट्यातल्या निफाडचा माणूस बेदाणा म्हणेल आणि ते अचूक असेल. बर्बनच्या पिंपातून येणाऱ्या गोडव्याला कोणी काकवी म्हणेल, कोणी जायफळ घातलेली बासुंदी. हिरवट, कापलेल्या काकडीसारखा वास हाकुशूत पुष्कळांना येतो. आमच्या बैठकीत एका मैत्रिणीने टोकी या जपानी व्हिस्कीच्या पेल्यात नाक घालून "कच्चा पेरू" म्हटले, आणि क्षणभरात सगळ्यांना पेरू आला. दम नसल्याची तक्रार करणारा मित्रही गप्प होऊन पुन्हा वास घेऊ लागला. त्या बैठकीतली माझ्या दृष्टीने मोलाची घटना ती.

म्हणून मित्रांबरोबर चाखताना एक शिस्त पाळावी. पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने आपले शब्द कागदावर लिहायचे, मग वाचून दाखवायचे. आधी एकाने मोठ्याने नाव घेतले की इतरांचे नाक त्यामागे जाते.

पेला तोंडाशी निमुळता हवा. वाइनचा लहान पेला चालतो, स्टीलचा चालत नाही, त्यात रंग दिसत नाही. एका वेळी 15 ते 20 मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. नाक एकदम आत खुपसू नये, कारण मद्यार्काच्या वाफेने वास घेण्याची शक्ती काही वेळ मंदावते. तोंड किंचित उघडे ठेवून पेल्याच्या काठावरून वास घ्यावा. पहिला घोट अगदी लहान. तो जिभेला सवय लावण्यासाठी, निर्णयासाठी दुसरा. मग पाण्याचे काही थेंब. पाण्याने व्हिस्की बिघडते हा समज खोटा आहे. स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकावर हे तपासले. धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण जास्त असताना द्रवात खोल दडून राहतो, आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो, असे त्यांना आढळले. पृष्ठभागावरचे रेणूच नाकापर्यंत पोचतात.

चखण्याबद्दल माझे मत ठाम आहे. नाशिकचा चिवडा ही अप्रतिम गोष्ट आहे, पण त्यातला मसाला आणि तिखट जिभेवर असेपर्यंत टोकी काय आणि महागडी हिबिकी काय, सगळे सारखेच लागते. चाखणे संपेपर्यंत खारे नसलेले शेंगदाणे, साधे पनीर, पाव एवढेच ठेवावे. चिवडा नंतर, व्हिस्कीत भरपूर सोडा आणि बर्फ घातल्यावर काढावा. जपानी लोक ज्याला हायबॉल म्हणतात तो हाच प्रकार, आणि त्याच्याशी आपला चिवडा उत्तम जमतो. तोरींचे जेवणाशी जुळवण्याचे गणित सातपुरातही बरोबर उतरते.

बाटली घेताना लेबल वाचा, कारण 'जपानी' या शब्दाला परवापरवापर्यंत काही बंधनच नव्हते. बाहेरून आणलेली व्हिस्की जपानात बाटलीत भरून जपानी म्हणून विकली जात होती. शेवटी तिथल्या उत्पादक संघटनेने 2021 मध्ये स्वतःचे नियम जाहीर केले, आणि 1 एप्रिल 2024 पासून सदस्यांना ते पूर्णपणे लागू झाले. माल्ट वापरलेच पाहिजे, पाणी जपानचे, आंबवणे आणि गाळणे जपानात, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात जपानमध्येच किमान तीन वर्षे, बाटलीत भरणेही तिथेच, आणि मद्यार्क किमान 40 टक्के. निक्काने तर आपली गाजलेली 'फ्रॉम द बॅरल' या नियमांत पूर्ण बसत नाही हे स्वतःहून सांगितले. ती बाटली चवीला सरस आहे, आणि असे सांगणाऱ्या कंपनीबद्दल आदर वाढतो.

किमतीचा चटका मात्र खरा आहे. आयात व्हिस्कीवर केंद्राचे सीमाशुल्क अनेक वर्षे 150 टक्के होते, त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क. महाराष्ट्राने ते 2021 च्या नोव्हेंबरात 300 टक्क्यांवरून 150 वर आणले, तरी बाटली स्वस्त झाली असे कोणी म्हणणार नाही. त्यात जुन्या जपानी व्हिस्कीचा जगभर तुटवडा. 1983 नंतर जपानात व्हिस्कीचा खप पाव शतक घसरत गेला, कारखान्यांनी उत्पादन कमी केले, काही बंद पडले. मग 2001 मध्ये योइचीच्या एका दहा वर्षांच्या पिंपाने इंग्लंडच्या 'व्हिस्की मॅगझिन'च्या चाचणीत पहिला क्रमांक मिळवला, 2003 मध्ये यामाझाकी 12 ला मोठे पदक मिळाले, आणि मागणी उसळली. बारा वर्षांपूर्वी न भरलेले पिंप आज कुठून आणणार? 2018 मध्ये हिबिकी 17 आणि हाकुशू 12 ची विक्री सनटोरीला थांबवावी लागली.

म्हणून पहिल्या बैठकीला महाग बाटली घेऊ नका. टोकीसारखी साधी जपानी व्हिस्की घ्या, वर्गणी काढा, आणि तिच्याशेजारी एक बाटली सातपूरहून तासाभराच्या आतल्या अंतरावरची ठेवा. दिंडोरीच्या कारखान्यात पेर्नो रिकार इंडिया 'लाँगिट्यूड 77' ही भारतीय सिंगल माल्ट बनवते. ती 2022 मध्ये बाजारात आली. तिसरी हवी असेल तर गोव्याची पॉल जॉन. या शेजारामुळे हवामान जिभेवर कळते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दर वर्षी 2 टक्क्यांच्या आसपास व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात 8 टक्क्यांच्या आसपास. 200 लिटरचे पिंप घ्या आणि चक्रवाढीने हिशोब करा. बारा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे 157 लिटर उरेल, गोव्यात जेमतेम 74. म्हणून आपल्याकडे बारा वर्षांची माल्ट विरळ आणि पाच-सहा वर्षांची भरपूर. उष्णतेत लाकूड लवकर बोलते, त्यामुळे आपली माल्ट गडद, मसालेदार, दाट. जपानीत हिवाळा आणि उन्हाळा यांचे फेरे जाणवतात, चव थरांनी उलगडते. एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे यातून ठरत नाही. पण सौम्यपणाला 'दम नाही' म्हणणे चूक, हे दोन्ही पेले शेजारी ठेवले की आपोआप पटते. आमच्या त्या मित्रालाही दुसऱ्या फेरीत पटले, आणि त्याने दिंडोरीची बाटली वरचढ ठरवली. मी टोकीच्या बाजूने होतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

शेवटी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. मद्य कितीही घेतले तरी आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जाहीर केले. 43 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. जो पीत नाही त्याला आग्रह करू नका, वास घेण्याच्या खेळात तो न पिताही सामील होऊ शकतो आणि बहुधा त्याचेच नाक सर्वांत तरतरीत असते. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय 25 पूर्ण हवे आणि परवाना हवा, एका दिवसाचा किंवा कायमचा. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे. तेव्हा बैठक ज्याच्या घरी असेल त्याने सगळ्यांच्या दुचाकींच्या किल्ल्या आधीच ताब्यात घ्याव्यात आणि परतण्यासाठी रिक्षा सांगून ठेवावी.